पारा चार फुटांवरचा, लेकरं जमिनीवर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर दोन गोष्टी शेजारी-शेजारी छापून आल्या. एक, भुसावळचं कमाल तापमान ४४.६ अंश. दुसरी, एका वाचकाने पाठवलेला मोटारीच्या डॅशबोर्डचा फोटो, त्यावर ५१ अंश. फोटोखाली त्या वाचकाची तक्रार होती की हवामान खातं खरा आकडा दाबून ठेवतं, खरा सांगितला तर शाळा-कचेऱ्यांना सुट्टी द्यावी लागेल. दुसऱ्या दिवसापासून तो फोटो गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतो आहे आणि चहाच्या टपरीवर त्याच्यावर वाद झडतात.

मी रेल्वेच्या पी-वे खात्यातून, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या खात्यातून, निवृत्त झालो. भुसावळ-बडनेरा मार्गावर वरणगाव, बोदवड, मलकापूर या टप्प्यात गँगबरोबर उन्हाळे काढले. आमच्या कामात तापमान म्हणजे गप्पांचा विषय नव्हता, त्याच्यावर गाड्यांची सुरक्षितता अवलंबून असे. त्या अधिकाराने सांगतो, खातं खोटं बोलत नाही. मोटारीचा आकडाही त्या जागेपुरता आला तसा आला आहे. अडचण अशी की आपण जो आकडा छापता तो नेमका कुठल्या हवेचा, हे वाचकाला कोणी सांगतच नाही. आणि ते न सांगितल्याचा त्रास सगळ्यात जास्त होतो तो लहान मुलांना आणि जमिनीवर बसून काम करणाऱ्यांना.

खात्याचा तापमापक उघड्यावर टांगलेला नसतो. पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनी झडपा असलेली लाकडी पेटी असते. तिला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. स्कॉटलंडमध्ये दीपगृहं बांधणारे इंजिनिअर थॉमस स्टीव्हन्सन यांनी ती एकोणिसाव्या शतकात तयार केली. वारा आत खेळता राहावा, पण ऊन आत शिरू नये, अशी तिची रचना. आपल्याकडे तिचं दार उत्तरेला असतं, कारण वाचन घेताना दार उघडलं तरी सूर्य आत डोकावू नये. आणि पेटी उभी असते ती मोकळ्या जागेत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर. आंतरराष्ट्रीय नियम सव्वा ते दोन मीटरचा आहे. त्यामुळेच भुसावळ, चंद्रपूर आणि परदेशातलं एखादं शहर यांची तुलना करता येते. म्हणजे आपण छापता तो आकडा सावलीतल्या, वारा लागणाऱ्या, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीच्या हवेचा. मोटारीचा सेन्सर असतो पुढच्या बंपरच्या आसपास, डांबरापासून फूट-दीड फुटावर, इंजिनाच्या शेजारी. गाडी उन्हात उभी असेल तर त्याने ५१ दाखवणं स्वाभाविकच आहे.

उन्हात ठेवलेला तापमापक हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो. हे रेल्वेला पक्कं ठाऊक आहे, म्हणून रेल्वे दोन्ही वेगवेगळी मोजते. रुळाचं तापमान घ्यायची आमची जुनी रीत अशी होती: रुळाचाच एक तुकडा घ्यायचा, त्याच्या माथ्यात भोक पाडलेलं, भोकात पारा, पाऱ्यात बुडवलेला थर्मामीटर. हा तुकडा मुद्दाम भर उन्हात ठेवायचा आणि अर्धा तास तापू द्यायचा, कारण खरा रूळही उन्हातच पडलेला असतो. नंतर रुळाला चिकटणारे डायलचे थर्मामीटर आले. हवा ४४ असेल तेव्हा रूळ साठीच्या पुढे गेलेला मी स्वतः वाचला आहे. रूळ ज्या तापमानाला ताण काढून बसवला, त्याच्या २० अंश वर गेला की उन्हाळी गस्त सुरू होते, कारण तापून फुगलेला रूळ वाकू शकतो. मग गस्तवाला भर दुपारी पाठीवर पाण्याची पिशवी टाकून रूळ बघत चालतो.

जमिनीलगतची हवा वेगळी असते हे मला आधी दिसलं, मग कळलं. रूळ सरळ आहे की कुठे बाक आला आहे, हे बघायला मुकादम खाली वाकतो, गाल जवळजवळ रुळाला टेकवतो आणि एक डोळा मिटून लांबवर नजर लावतो. आमच्याकडे असे मुकादम होते की दोन-तीन मिलिमीटरचा दोष नुसत्या डोळ्याने पकडत आणि शेजारच्या गँगमनला "अजून थोडा, थोडा, बस" म्हणत पहार लावायला सांगत. पण हे काम सकाळचं. तोच मुकादम तीच नजर दुपारी बाराला लावू लागला की रूळ लाटा मारताना दिसतो, खडी थरथरते, लांबचा स्लीपर हवेत तरंगतो. उभं राहिलं की जवळचा रूळ पुन्हा स्थिर. म्हणजे थरथर डोळ्यात नव्हती, ती खालच्या हवेच्या पातळ थरात होती. डांबरी रस्त्यावर लांबून पाणी साचल्यासारखं दिसतं, ते मृगजळही याच थराचं काम.

याचं कारण असं. सूर्याची किरणं हवेतून येताना हवेला फारशी तापवत नाहीत. कोरड्या, निरभ्र दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट ऊर्जा पडते आणि तिचा मोठा वाटा मातीच शोषून घेते. आपली काळी माती तर बहुतेक सगळा. मग ती तापलेली माती हवेला खालून तापवते. मातीला अगदी चिकटलेला काही मिलिमीटरचा थर जवळजवळ हलत नाही. उष्णता त्यातून फक्त कणाकणाने वर सरकते, आणि हवा उष्णतेची वाईट वाहक असल्यामुळे तेवढ्याशा जागेत तापमान झपाट्याने उतरतं. त्याच्या वर गरम हवेचे बुडबुडे सुटतात, वर चढतात, गार हवा खाली येते, सगळं ढवळलं जातं. शेतात दुपारी उठणारी वावटळ म्हणजे हेच ढवळणं, मोठ्या प्रमाणात. ढवळण जसजशी वाढते, तसतसा उंचीनुसार फरक कमी होत जातो. दुपारच्या अशा ढवळलेल्या हवेत शंभर मीटर वर गेलं तर तापमान साधारण एक अंशाने उतरतं. जमिनीलगत मात्र एक अंश उतरायला वीतभर उंचीही लागत नाही. तव्यावर हात धरून पाहणाऱ्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

निवृत्तीनंतर माझ्या मोकळ्या प्लॉटवर मी एक दहा फुटी बांबू रोवला आहे. त्याच्यावर वेगवेगळ्या उंचीला साधे थर्मामीटर बांधले आणि प्रत्येकावर आडवा, पांढरा रंगवलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवला, म्हणजे ऊन लागत नाही आणि वारा आरपार जातो. ही काही वेधशाळा नव्हे, पण आपापसात तुलना करायला पुरेशी आहे. परवाच्या दुपारी दीडला वारा पडलेला असताना वाचलेले आकडे देतो. दहा फुटांवर ४२.८. चार फुटांवर ४३.६. एक फुटावर ४५.८. जमिनीपासून चार बोटांवर ४८.७. आणि खालच्या काळ्या मातीचा पृष्ठभाग, हातातल्या इन्फ्रारेड यंत्राने मोजलेला, ६४. वारा सुटला की हे आकडे एकमेकांजवळ येतात, पडला की पुन्हा फाकतात. पण उतरता क्रम दुपारभर तोच राहतो. वर्तमानपत्रातल्या आकड्यात आणि चार बोटांवरच्या हवेत पाच अंशांचं अंतर. इथून पाच अंश कमी हवे असतील तर डोंगर पाचशे मीटर चढावा लागेल.

हे सगळं मी शोधून काढलेलं नाही. ते पुण्यात शोधलं गेलं, आणि ते आपल्या शाळांत शिकवलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. १९३२ साली हवामान खात्याने पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू केला. त्याची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे होती. ते सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. जमिनीच्या अगदी जवळ तापमान इतकं तीव्र का उतरतं, यावर त्यांनी हवामानशास्त्रज्ञ मालूरकर यांच्यासोबत काम केलं. काळ्या मातीवर खडूच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला की माती किती कमी तापते, हेही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात मोजून दाखवलं. रामदास आणि आत्मनाथन यांनी तर १९३२ सालीच आणखी एक विलक्षण गोष्ट नोंदवली. निरभ्र, शांत रात्री उघड्या जमिनीवर सगळ्यात गार हवा जमिनीला चिकटलेली नसते, ती जमिनीपासून काही इंच ते फूटभर उंचीवर असते. बाहेरच्या शास्त्रज्ञांचा यावर बरीच वर्षं विश्वास बसला नव्हता. पुढे बंगळुरूचे शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात त्याचं गणित मांडलं. त्या थराला आज जगभर रामदास थर म्हणतात. गार-गरम हवेचा असा बारकाईने अभ्यास आपल्याच राज्यात झाला, आणि नव्वद वर्षांनी आपण डॅशबोर्डच्या फोटोवरून भांडतो आहोत.

आता ही खालची हवा कोणाच्या वाट्याला येते ते बघा. तीन वर्षांच्या मुलाची उंची तीन फूट. रांगणाऱ्या मुलाचं नाक जमिनीपासून फुटावर. भाजी निवडणारी, गिट्टी फोडणारी, कांदा छाटणारी बाई दिवसभर उकिडवी किंवा मांडी घालून बसलेली. आमच्या कंत्राटी गँगमधल्या बाया कामावर आल्या की सगळ्यात आधी एखादं बाभळीचं किंवा लिंबाचं झाड गाठून तान्ह्याची झोळी बांधत. झाड नसेल तर तीन बांबूंची तिपाई करत. खाली चादर टाकून मूल झोपवलेलं मी क्वचितच पाहिलं, आणि कोणी नवखीने तसं केलं की दुसरी ओरडे, "अगं, भाजंल ते, वर टांग." हवामानाचं एकही पुस्तक न वाचता त्या बाया लेकराला त्या तापलेल्या थरातून उचलून घेत होत्या. खानदेशातली बाज तेच करते. मेअखेरीला कपाशी टोबणारे शेतकरीही जाणतात की कोंब जमिनीच्या रेषेवरच भाजतो, वरचं पान हिरवं असताना.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उभ्या आणि बसलेल्या माणसाच्या डोक्याजवळच्या हवेत फार तर अंशभराचा फरक पडेल. मोठा फरक आहे तो खालच्या फूटभरात. पण बसलेल्या माणसाला हवेबरोबर तापलेली जमीनही झोडपते. साठ अंशांची जमीन स्वतः उष्णता बाहेर फेकते, आणि ती झळ अंगावर येते. शिवाय माथ्यावरचं ऊन असतंच. यातलं काहीच पेटीतल्या पाऱ्यात येत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात लाखो माणसं तासन्‌तास उन्हात बसली आणि १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावरचा पारा चाळिशीच्या खालीच होता. मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो, किनारपट्टीवर ३७, डोंगराळ भागात ३०. हे निकष योग्यच आहेत, पण ते पेटीतल्या हवेचे आहेत. आयोजक तोच आकडा बघून मांडव न घालता माणसं मैदानात बसवणार असतील, तर त्यांनी मोजलं एक आणि माणसांनी सोसलं दुसरंच.

वेळेचाही मोठा घोटाळा होतो. आपण "दुपारी तीनच्या सुमारास पारा सर्वाधिक" असं छापता, आणि ते बरोबर आहे. मे महिन्यात भुसावळला सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या थोडं आधी. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर आपल्याकडे शून्य सावली दिवसही येतो. त्यानंतरही जमीन घेते जास्त आणि सोडते कमी, म्हणून चार फुटांवरची हवा तीन-साडेतीनपर्यंत तापत राहते. पण कोरड्या मातीची वरची कातडी सूर्यामागून लगेच चढते. माझ्या प्लॉटवर ती एकच्या सुमाराला सगळ्यात गरम असते आणि तीनला उतरू लागलेली असते. म्हणजे "तीनच्या आधी घरी आलं की झालं" हा हिशेब पायांसाठी चुकीचा आहे. बारा ते दीड ही वेळ जमिनीसाठी सगळ्यात वाईट, आणि नेमकी तेव्हाच लेकरं अंगणवाडीतून, सकाळच्या शाळेतून घरी निघतात. अर्धी अनवाणी असतात.

आणि आता पेव्हर ब्लॉक. आमच्या वस्तीतल्या एका अंगणवाडीसमोर मुरमाची जागा होती, कडेला लिंब होता. अंगणात चिखल होतो म्हणून सगळं अंगण ब्लॉकने झाकलं आणि कामात आडवा येतो म्हणून लिंब तोडला. गेल्या महिन्यात ताईंच्या परवानगीने मी तिथे यंत्र लावलं. ब्लॉक ६१ अंश. शेजारच्या घरासमोर बाईंनी सडा टाकलेली ओली माती ३९. पलीकडच्या लिंबाखालची कोरडी माती ४१. तीन जागा, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर, एकाच वेळी. ओल्या मातीतलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, एका ग्रॅमला जवळजवळ ५८० कॅलरी. कोरड्या ब्लॉककडे उडवायला पाणीच नाही, त्यामुळे आलेलं सगळं ऊन तो स्वतः तापण्यात, हवा तापवण्यात आणि मुलांच्या अंगावर फेकण्यात घालवतो. रात्री उशिरापर्यंत तो कोमटच राहतो. मदतनीस ताई मला म्हणाल्या, "दादा, पोरं आता अंगणात खेळतच नाहीत, दारातूनच परत फिरतात." चिखल पावसाळ्यातले थोडे दिवस होता. हे चार महिने आहे.

मला पेव्हर ब्लॉकशी वैर नाही. रस्त्याच्या कडेला तो खुशाल टाका. पण जिथे पाच वर्षांखालची मुलं बसतात, खेळतात, तिथे तो टाकू नये, आणि जिथे टाकला आहे तिथला निदान मधला चौक उखडून तिथे माती आणि दोन झाडं लावावीत. तोवर फेब्रुवारीअखेर ब्लॉकवर आणि पत्र्यावर चुन्याचा हात फिरवावा. रामदासांनी खडूच्या भुकटीने दाखवलं तेच आहे हे. चुना घोटून लावायला एक दुपार लागते, आणि पत्रा किती उतरला ते हात लावून कळतं. फक्त अंगणातला चुना डोळ्यांवर चमकतो, म्हणून तिथे वर हिरवी नेट हवीच. ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला ही कामं परवडत नाहीत असं म्हणता येणार नाही. ब्लॉक परवडले होते.

रात्रीचं गणित उलटं होतं, हेही वाचकांना सांगायला हवं. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून हवेच्या आधी गार होते आणि, रामदास थराचा तो फूटभरातला बारकावा सोडला तर, खालची हवा वरच्यापेक्षा थंड राहते. हिवाळ्यात पहाटे दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आजूबाजूला किंवा शेतातल्या शेकोटीवर धूर बघा, थोडा चढतो आणि आडवा पसरून तिथेच राहतो. दुपारी तोच धूर सरळ वर निघून जातो. सखल भागातल्या केळीला थंडी आधी बाधते ती याच कारणाने. कचरा जाळणारे लोक पहाटे जाळतात, तेव्हा तो धूर आपण सगळे नाकाच्या उंचीवर घेत असतो. पण हा विषय थंडीतल्या पत्राचा.

संपादक महोदय, आपल्याकडे मागण्या दोनच आहेत. तापमानाच्या तक्त्याखाली उन्हाळाभर रोज एक ओळ छापावी: "हे तापमान सावलीतल्या, जमिनीपासून चार फुटांवरच्या हवेचं आहे, उन्हातली जमीन आणि तिच्यालगतची हवा याहून बरीच गरम असते." आणि वाचकांनी पाठवलेले डॅशबोर्डचे फोटो छापायचे असतील तर गाडी कुठे, किती वेळ आणि उन्हात उभी होती का, हे विचारून छापावे. जिल्ह्यात हवामान खात्याचं केंद्र आहे, कृषी विद्यापीठाची माणसं आहेत. मातीच्या तापमानाच्या नोंदी कृषी हवामान वेधशाळांत रोज घेतल्या जातात. त्या मिळवून आठवड्यातून एकदा छापल्या, तर शेतकऱ्याला पेरणीसाठी आणि ताईंना अंगणासाठी, दोघांनाही उपयोग होईल.

माझा बांबू प्लॉटवर उभा आहे. कोणत्याही शाळेला तसा उभारायचा असेल तर मी येऊन थर्मामीटर बांधून देईन. सामान फार लागत नाही: एकाच दुकानातून, एकाच वेळी घेतलेले पाच थर्मामीटर, आणि लावण्याआधी ते सगळे एका बादलीत पाण्यात बुडवून एकच आकडा दाखवतात का ते तपासायचं. जो वेगळा दाखवेल तो परत करायचा. मुलांना सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहाला वाचायला लावावं, आणि एकचं वाचन चपला घालून घ्यावं.

आपला नम्र,
रेल्वेच्या पी-वे खात्यातील एक निवृत्त कर्मचारी,
भुसावळ